बातमीत न येणारं इंग्रजी

गोरेगावहून हिंगोलीला जाणाऱ्या सकाळच्या जीपमध्ये तो रोज माझ्या शेजारी असायचा. गाद्या भरणारा माणूस, साठीचा, भुवयांत कायम कापसाचे तंतू अडकलेले. मोबाईल कानाला लावून तो ताज्या बातम्यांतले इंग्रजी शब्द अर्थासकट ऐकायचा आणि ओठांतल्या ओठांत घोळवायचा. ‘सीझफायर’ म्हणताना त्याची बोटं मांडीवर कापूस पिंजल्यासारखी हलायची.

या वयात याला कुठली परीक्षा द्यायचीय, मला कळेना. परदेशी कामाला जाणार म्हणावं, तर युद्धाचे आणि भूकंपाचे शब्द गादीवाल्याला कशाला हवेत?

शेवटी विचारलंच.

“नात तिकडं लंडनात जल्मली, सर,” तो म्हणाला. “तिला इंग्रजीबिगर काई समजत न्हाई. बातम्यात रोज नवे शब्द येतेत, म्हनून तेच शिकून राहिलो. काल व्हिडिओ कॉलवर तिला ‘सीझफायर’ म्हनलो. लेकरू नुसतं बघतच राह्यलं.”

हसावं की नाही, मला समजेना.

मग त्यानं फोन खिशात ठेवला आणि हळूच विचारलं, “इतके दिवस ऐकून राहिलो, पन एक सापडलं न्हाई. ‘जेवलीस का’ला काय म्हनतेत?”

मी सांगितलं. त्यानं ते चार-पाचदा म्हणून पाहिलं आणि संशयानं माझ्याकडे बघितलं. “इतकं सोपं हाय, तर बातमीत काहून येत न्हाई?”

त्या संध्याकाळी घरी मी इंग्रजी बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. खरंच आलं नाही.