जिभेची परीक्षा

समोरचा दात तुटल्यापासून देवळात मोठ्याने रुद्र म्हणणे मी थांबवले होते. ‘नमस्ते’ म्हणताच वारा निसटे, आणि देवापुढे अशुद्ध उच्चार करवत नसे. भिंगारच्या दातांच्या दवाखान्यात आतून टायटॅनियमची, वरून दातासारखी पांढरी कॅप बसवायची ठरली, तेव्हा मी रुद्र म्हणतो हे ऐकून ती घडवणारा कारागीर स्वतः आला. चाळिशीचा, बोटांच्या टोकांना पांढरी भुकटी लागलेली. डॉक्टरांनी कॅप नुसतीच दातावर बसवली आणि कड तपासून समाधानाने मान हलवली. कारागिराने मात्र डोळे मिटले.

“आजोबा, रोज म्हनता ते म्हना.”

मी दोन मंत्र म्हटले.

“जीभ अडतीय. कड डोळ्याला दिसत न्हाई, जिभेला कळती.”

“मला चालेल हो,” मी म्हणालो.

“तुमाला चालंल. मला न्हाई.”

कॅप न चिकटवता त्याने परत नेली आणि दोन दिवसांनी नवी घडवून आणली. या वेळी मी रुद्राचा पहिला अनुवाक अखंड म्हटला. तो संपेपर्यंत कारागीर हात जोडून उभा होता. मग डॉक्टरांना म्हणाला, “आता चिकटवा.” माझ्याकडे वळून हसला, “हितनं पुढं चुकलं, तर दात न्हाई, तुमीच.”

माझ्या उच्चाराची इतकी काळजी रुद्र शिकवणाऱ्या गुरुजींनंतर कोणी वाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी गाभाऱ्यात मी पूर्ण आवाज लावला.