हेल्मी रौटिओने धरलेला डूख

हेल्मी रौटिओचा डूख म्हणजे सापाने येऊन शिकवणी लावावी असा. सरोवरकाठच्या थंडर बे बंदराच्या रडारखोलीत ती काळी कॉफी ढोसत बसायची. ऑटावातल्या रडार कंपनीतली मोठी नोकरी सोडून ती गावी परतली ती तिथल्या डेस्मंड प्रुएट नावाच्या साहेबामुळे, हे बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं. शनिवारी वाफेच्या अंघोळीला बसून मैत्रिणी आपापल्या नवऱ्यांना शिव्या घालत, हेल्मी प्रुएटला.

भांडण साधं होतं. रडारच्या पडद्यावर लाटा, खडक, किनारा सगळंच उमटतं. त्या गर्दीत बोट ओळखायची कशी? हेल्मीने रीत काढली. लागोपाठ येणारे प्रतिध्वनी एकमेकांतून वजा करायचे, म्हणजे जागचं न हललेलं पुसलं जातं आणि हलणारं तेवढं उरतं. पण मग तीच म्हणाली, अशाने इंजिन बंद पडलेली बोटही पुसली जाईल. म्हणून रोजच्या खडकांचा नकाशा ठेवा, आणि त्यात नसलेलं काही दिसलं तर ते थांबलेलं असलं तरी दाखवा. यामुळे पडद्यावर थोडे खोटे ठिपके यायचे. प्रुएटला गिऱ्हाइकांपुढे पडदा लख्ख हवा होता. त्याने नकाशा काढून टाकला, उरलेल्या रीतीवर स्वतःचं नाव घातलं आणि भर बैठकीत म्हणाला, "हेल्मी, तुझा कचरा तू घरी घेऊन जा."

ती घेऊन आली. बंदराच्या रडारमध्ये तो नकाशा तिने स्वतःच्या हाताने बसवला.

निवृत्त झाल्यावर प्रुएटने घर घेतलं तेही नेमकं याच सरोवराकाठी. हेल्मी दुकानात दिसली की मान वळवायचा. एका दुपारी धुकं दाटलं असताना रेडिओवर त्याचा आवाज आला. त्याच्या बोटीचं इंजिन बंद पडलं होतं आणि गव्हाच्या जहाजाचा भोंगा जवळ येत होता.

हेल्मीने पडद्याकडे पाहिलं. नकाशात नसलेला एक ठिपका जहाजांच्या वाटेवर स्वस्थ पडून होता. दुसऱ्या चॅनेलवरून तिने जहाजाला वळायला लावलं, मदतीची बोट पाठवली. काम चोख केलं. मग ती खुर्चीत मागे रेलली. तिला इतका आनंद झाला होता की त्याची लाजसुद्धा वाटेना.

"बंदर, मी दिसतोय का? अहो, कोणीतरी बोला!"

"हेल्मी बोलतेय. तुम्ही थांबलेले आहात ना, प्रुएट? थांबलेलं काही तुमच्या रडारला दिसत नाही."

"तो... तो तुझा नकाशा लाव ना."

"कोणता? तो कचरा?"

"हेल्मी, पाया पडतो तुझ्या!"

"पाया नको. रीत कोणाची होती आणि नकाशा कोणी काढून टाकला, तेवढं सांगा. सगळे ऐकताहेत."

ऐकत होतेच. मासेमारीच्या बोटीवरून उर्हो नावाचा कोळी रेडिओवर ओरडला, "सांगून टाक की बाबा! आमचं जेवण गार होतंय!"

"रीत तिची होती," प्रुएट म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "सगळी तिचीच. मी चोरली. नकाशाही मीच काढून टाकला. झालं समाधान? आता तरी शोध मला!"

पडद्यावर मदतीची बोट त्याच्या ठिपक्याला जवळजवळ टेकली होती.

"शोधायचंय काय त्यात? पहिल्या हाकेलाच दिसला होतात," हेल्मी म्हणाली. "जहाजही केव्हाच वळलंय."

त्यावर प्रुएटने जी शिवी हासडली, ती तिने आवाज मोठा करून ऐकली.