ताशी चार अंश

काचकारखान्यात तिला सगळे आकडेताई म्हणत. पाठीमागे बोलतानाही ताईच म्हणत, आणि हे तिने कमावलेलं होतं.

कारखाना मोठ्या दुर्बिणींच्या आरशांसाठी काचेच्या जाडजूड तबकड्या ओतायचा. ओतलेली तबकडी किती सावकाश गार करायची, हे ठरवायचं काम गणितखोलीचं. घाई केली तर कडा निवते, पोट गरमच राहतं आणि त्या ओढाताणीत काच तडकते. काचेतून उष्णता कशी सरकते याचं समीकरण पुस्तकात एका ओळीचं असतं. पण ते नुसता बदल सांगतं. अमक्या तासाला पोटात किती तापमान, हे त्यातून काढायला घाम गाळावा लागतो. आकडेताईला दोन्ही वाटा येत. एक आकड्यांची: तबकडीचे कागदावर पातळ थर पाडायचे आणि दहा-दहा मिनिटांनी पुढे सरकत प्रत्येक थराचं तापमान शेजारच्या थरांवरून काढायचं. दुसरी सूत्राची: सगळं उत्तर लहानमोठ्या लाटांची बेरीज म्हणून मांडायचं. बारीक लाटा लवकर विरतात, सगळ्यांत रुंद लाट शेवटपर्यंत तग धरते.

ही दुसरी वाट कारखान्याच्या काचेला लागू करायला तिला दोन वर्षं लागली होती. निळ्या पुठ्ठ्याची एक वही त्यात भरली. गणितखोलीच्या साहेबांनी ती वही ‘जरा नजर टाकतो’ म्हणून नेली आणि चार महिन्यांनी त्यांच्या नावाचा छापील अहवाल आला. शेवटच्या पानावर तिचे आभार मानले होते, सुबक टंकलेखनाबद्दल. तिला टाइप करता येतही नव्हतं.

घरी नवरा, जो घड्याळं दुरुस्त करायचा, डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणायचा, "अगं, एवढी वर्षं राग पोसतेस. मांजर पोसली असतीस तर आतापर्यंत नातवंडं झाली असती तिला."

"मांजर नजर चुकवून दूध पिते," ती म्हणायची. "राग कुठे जात नाही."

अशी अकरा वर्षं गेली. मग संगणक आले, आणि साहेबांनी थरांच्या पद्धतीचा प्रोग्रॅम स्वतः लिहायला घेतला. उत्तर बारकाईने यावं म्हणून त्यांनी थर दुप्पट केले. पण थर निम्म्या जाडीचा केला की वेळेचं पाऊल पाव करावं लागतं. नाहीतर आकडे लटपटायला लागतात, एक थर वर, शेजारचा खाली, आणि दर पावलागणिक ही झिंग वाढत जाते. साहेबांनी पाऊल दहा मिनिटांचंच ठेवलं. आकडे झिंगले. तेव्हा त्यांनी प्रोग्रॅमला सांगितलं, दर पावलाला शेजारशेजारच्या आकड्यांची सरासरी घे. आलेखाची रेघ एकदम गुळगुळीत झाली. साहेब खूश.

आकडेताईने छापील कागद पाहिला आणि तिच्या हातापायांत ऊब आली. सरासरीने नुसती झिंग पुसली नव्हती. कडा आणि पोट यांच्यातला खरा फरकही पुसला होता. कागदावरची काच खऱ्या काचेपेक्षा जवळजवळ तिप्पट वेगाने उष्णता पसरवत होती. म्हणून प्रोग्रॅम सांगत होता, ताशी चार अंशांनी गार करा, काही होत नाही.

"काही शंका, बाई?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब," ती म्हणाली. "छान गुळगुळीत आलंय."

चाचणीची तबकडी त्याच वेगाने गार करायला ठेवली. पाचव्या दिवशी दुपारी भट्टीतून बंदुकीसारखा आवाज आला. तबकडीचे तीन तुकडे झाले होते. आकडेताई आपल्या खुर्चीतून उठली नाही. अकरा वर्षांनी तिला पहिल्यांदा पोटभर श्वास आल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मात्र तिच्या गणितात नव्हती. साहेबांनी लिहून दिलं की भट्टीच्या लोकांनी दार आधी उघडलं. भट्टीच्या मुकादमाला त्याच संध्याकाळी घरी बसवलं. मुकादम, ज्याला ती दादा म्हणायची, रोज चार वाजता तिच्या टेबलाशी येऊन चहा घ्यायचा आणि भट्टीवरच्या गमती सांगायचा.

चौकशीची सभा सतरा दिवसांनी, सकाळी अकराला भरली. व्यवस्थापक बाई, साहेब, कोपऱ्यात उभा मुकादम. साहेबांनी गुळगुळीत रेघ पडद्यावर दाखवली. कडा आणि पोट यांत फरक फक्त नऊ अंश, दहापर्यंत चालतं.

आकडेताई उठली. "साहेब, ती सरासरीची ओळ काढून एकदा चालवता का?"

"त्याची काय गरज आहे?"

"चालवा," व्यवस्थापक बाई म्हणाल्या.

रेघ करवतीच्या दातांसारखी उभी राहिली. तिसऱ्या तासाला तबकडीचं पोट सुरुवातीपेक्षा चाळीस अंशांनी जास्त तापलेलं दिसत होतं.

"गार होताना काच तापली," आकडेताई शांतपणे म्हणाली. "ही उष्णता आली कुठून, साहेब?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

ती फळ्यापाशी गेली. सगळ्या लाटा विरल्यानंतर काय उरतं ते तिने चार ओळींत मांडलं: गार करायचा वेग, जाडीच्या अर्ध्याचा वर्ग आणि काचेचा स्वभाव सांगणारा एक आकडा. मुद्दाम सावकाश लिहिलं. इतकी वर्षं शिजवलेलं, घाईने वाढायचं नव्हतं. उत्तर आलं पंचवीस अंश. "दार कुणी उघडलं नव्हतं. पंचवीस अंशांना काच तडकणारच. हे साहेबांना ठाऊक असायला हवं. त्यांच्याच अहवालात आहे, पान एकोणीस." मग ती साहेबांकडे वळली. "की वाचला नव्हता?"

महिन्याभरात साहेबांची रवानगी सामानाच्या कोठारात झाली. जाताना ते निळी वही घेऊन आले आणि तिच्या टेबलावर ठेवली. "झालं समाधान?"

"अजून नाही." तिने कोरा कागद पुढे सरकवला. वहीतलं सगळं काम तिचं आहे, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. खाली सही करताना त्यांचं पेन अडलं, तर तिने स्वतःचं दिलं. जुना अहवाल तिच्या नावाने पुन्हा छापून आला.

मुकादम कामावर परतला. पहिल्या दिवशी चार वाजता तो आला, पण बसला नाही. "ताई, तुम्हाला कधी कळलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "पहिल्याच दिवशी," ती म्हणाली.

"सतरा दिवस मी घरात तोंड लपवून बसलो. धाकटीच्या सासरच्यांना काय काय सांगावं लागलं, ते माझं मला माहीत. तुमचं त्यांच्याशी होतं. मी काय केलं होतं?"

मुकादम गेला, आणि पुन्हा चार वाजता कधी आला नाही.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. असं तो क्वचितच करायचा. "पुन्हा वेळ आली तर बोलशील का आधी?"

तिने ते भिंग पदराने पुसून त्याच्या हातात दिलं.

"नाही," ती म्हणाली. "गप्पच बसेन. फक्त दादांना आधी रजेवर पाठवेन."