सदूआबांनी भर सभेत घातलेलं गाऱ्हाणं

आमच्या क्लबच्या गोलकीपरला एका शब्दाने न विचारता मी त्याच्या उत्तेजक औषधाची बातमी छापून आणली. चार कॉलम, फोटोसकट. सुहासच्या लघवीच्या तपासणीत बंदी असलेलं औषध सापडलं होतं, एवढं खरं. पुढचं सेक्रेटरींनी फोनवर सांगितलं, "त्याने परस्पर गोळ्या घेतल्या, क्लबचा संबंध नाही," आणि मी ते जसंच्या तसं उतरवलं. सुहासचं घर तारकर्लीला. माझ्या स्कूटरने दहा मिनिटं. पण त्या दिवशी ऊन फार होतं.

सकाळीच सदूआबा पेपर घेऊन दारात हजर. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर आणि क्लबचे सर्वांत जुने प्रेक्षक. प्रत्येक सामन्याला काळी छत्री उघडून गोलपोस्टच्या मागे बसत. विचारलं तर म्हणत, "गोल घालणाऱ्याक सगळे बगतत. खाणाऱ्याक कोण तरी व्हयो मां?" पेपर ते पेन्सिल घेऊन वाचत आणि न पटलेल्या ओळीवर फुली मारत. माझ्या बातमीवर फुल्यांचं भरतकाम झालं होतं.

"मेल्या, सुहासाक इचारलंस?"

"आबा, सेक्रेटरींनी अधिकृतपणे..."

"सेक्रेटरीच्या लघवीत गावला काय ता? तारकर्ली खंय आसा, म्हायत आसा मां तुका?"

मी चहा विचारला. तो न घेता ते गेले. आमच्याकडे हे भांडणापेक्षा वाईट.

लोकांनी फारच गलका केला तेव्हा क्लबने शाळेच्या हॉलमध्ये सभा बोलावली. मंचावर पदाधिकारी, ट्रेनर, आणि शेजारी पत्रकार म्हणून मी. पुढ्यात भजी. सुहास मागे भिंतीला टेकून उभा होता.

"गोळ्या आणल्या कोणी?" लोक विचारत.

"चौकशी सुरू आहे," अध्यक्ष शुद्ध मराठीत सांगत.

"दिल्या कोणी?"

"चौकशी सुरू आहे."

मग सदूआबा उठले. चपला काढून त्यांनी हात जोडले. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. देवाला घातलेलं गाऱ्हाणं कोणी मध्येच अडवत नाही, आणि प्रत्येक मागणीला 'होय म्हाराजा' म्हणायचं, हे आम्हाला पाळण्यातच शिकवलेलं असतं. अख्खा हॉल उभा राहिला. अध्यक्षांनाही हातातलं भजं खाली ठेवावं लागलं.

"बा देवा म्हाराजा! ही तुजी लेकरा आज हय जमली आसत. सुहासाच्या हातार गोळये कोणी ठेवल्यान, ता तुका म्हायत आसा, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जेणा ठेवल्यान, तेका ता कबूल करूची बुद्धी दी, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

ट्रेनरचे हात जोडलेले होते, पण ओठ हलले नाहीत. सगळ्यांनी ते पाहिलं.

"आनी जेणा सुहासाक न इचारता तेची अब्रू पेपरात मांडल्यान, तेका थोडी तरी लाज दी, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

डोळे मिटून, मनापासून, खणखणीत आवाजात. तो आवाज एकट्या माझा होता. रोख कोणावर ते ओळखून बाकी हॉल गप्प राहिला होता. मग जे हसू फुटलं ते बाहेर रस्त्यापर्यंत गेलं. एकटा सुहास हसला नाही.

आठवड्याने ट्रेनरने लिहून दिलं: ताकदीच्या म्हणून गोळ्या त्यानेच दिल्या होत्या. सुहासवरची खेळण्याची बंदी कमी झाली, पण तो मोसम गेला आणि हाताशी आलेली राज्य संघातली निवडही गेली. माझा खुलासा आला चार ओळींचा, आतल्या पानावर, नारळाच्या भावाखाली. आबांनी त्याच्यावर फुली मारली नाही. पेपर माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माफी मागूक पाय लागतत रे. पेपर नाय."

मी जाणारच होतो. पण तेव्हा पाऊस होता.

गेल्या महिन्यात आबा गेले. त्यांच्यावर लिहायचं ठरवलं, आणि या खेपेला आधी विचारायचं म्हणून स्कूटर काढली. खरंच दहा मिनिटं लागली. सुहास अंगणात बसून जाळं शिवत होता. ओट्यावर आबांची काळी छत्री टेकवलेली. मी वही उघडली.

"सुहास, आबांबद्दल दोन शब्द सांग."

त्याने जाळ्यातून मान वर केली नाही.

"आबांसाठी बरे इलात. माज्या वेळेक ह्यो रस्तो गावलो नाय तुमका?"