वाकायचं नाही

पहिली मुलगी झाली आणि सहा महिन्यांत माझे कान गेले. सुईण म्हणाली, बाळंतवारा बाधला. सासूबाई म्हणाल्या, सोंग करतीय. पुढं पुढं दोघींचंही ऐकू येईनासं झालं, तेवढं मात्र बरं झालं. पोरीचं रडणं मी ऐकलं होतं, बोलणं नाही. ती तीन वर्षांची झाली, दिवसभर बडबडायची म्हणे. माण तालुक्यातल्या आमच्या वाडीत तिचा आवाज शेरडामेंढरांनासुद्धा ठाऊक होता. मलाच नव्हता.

मोठ्या दुष्काळानंतरच्या साली माझा भाऊ बातमी घेऊन आला. मिरजेला एका दवाखान्यात कानातलं आखडलेलं हाड काढून तिथं बारीक तार बसवत होते. तार नवीन होती. कुणाला लागू पडते, कुणाला नाही, हे त्यांनाच अजून बघायचं होतं, म्हणून पेशंट हवे होते. आम्ही दोघं गेलो, तेव्हा डॉक्टरांनी तसं पाटीवर स्वच्छ लिहून दाखवलं. भाऊ कचरला. मी सातवी पास. त्याचा विचार संपायच्या आत सही करून मोकळी झाले.

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी कानातला बोळा काढला. पहिला आवाज आला तो ताटलीत चिमटा टाकल्याचा. मी दचकले, मग रडले, मग नर्सच्या चपलांची फटफट ऐकून हसत सुटले. निघताना कागद मिळाला: महिनाभर ओझं उचलायचं नाही, शिंक दाबायची नाही, वाकायचं नाही. मी तो पाठच केला.

तासगावच्या स्टँडवर द्राक्षंवाला ओरडत होता. मी त्याच्याकडं इतकी टक लावून बघत बसले की भावानं शेवटी पावशेर द्राक्षं घेतली. मला द्राक्षं कुठं हवी होती! पोरीचा आवाज कसा असेल? चिरका, घोगरा, कसाही चालला असता.

घरी पोचलो तर पोरगी दारातच उभी. मला बघून तिनं तोंड उघडलं. मी हातानं खूण केली, थांब. आधी थोरांच्या पाया पडायचं, मग लेकराला जवळ घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. देव, सासरे, सासूबाई, जमलेल्या चुलतसासवा. प्रत्येकापुढं कपाळ जमिनीला टेकवलं. "सुखी ऱ्हा, बाई," हे सासूबाईंचे शब्द मी माझ्या कानानं ऐकले. शेवटच्या चुलतसासूच्या पायांवरून उठताना घर गरकन फिरलं. भिंत धरून सावरले आणि पोरीला जवळ ओढलं. तिचे ओठ हलत होते. मला काही ऐकू येत नव्हतं.

पुन्हा मिरज. डॉक्टरांनी पाटीवर लिहिलं, वाकला होता का?

"न्हाई डॉक्टर, घागरसुदिक उचलली न्हाई," मी ठासून सांगितलं.

खोटं बोलले नव्हते. पाया पडणं म्हणजेही वाकणंच, हे डोक्यातच आलं नाही. परतीच्या एसटीत एक म्हातारी पिशवी घ्यायला वाकली, तेव्हा लख्ख कळलं. तोवर त्यांच्या कागदावर माझी तार लागू पडली नाही म्हणून लिहून झालं होतं. दोष तारेचा नव्हता. पण माघारी जाऊन सांगायची लाज वाटली, आणि ती लाज मला आजही खाते.

पोरगी आता दोन लेकरांची आई आहे. त्या दिवशी काय म्हणणार होतीस, विचारलं तर तिला आठवत नाही. लोक म्हणतात, तिचा आवाज हुबेहूब माझ्यासारखा. माझा आवाज मला अजून आतून ऐकू येतो. माझ्यासारख्या बहिरेपणात तेवढा शिल्लक राहतो. मग घरात कुणी नसलं की तिच्या वतीनं मीच म्हणते, "आये, आलीस व्हय गं?"