कोंडाबाईंच्या हातांनी ओळखलं

किनवटच्या एका आश्रमशाळेत कोंडाबाईंनी सव्वीस वर्षं भाकरी थापल्या. "खाल्लं का गं माय?" असं शेवटच्या पोरीला विचारल्याशिवाय त्या स्वतः जेवायला बसत नसत. खोड एकच होती, मिसरीची. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांना घासल्याशिवाय त्यांना चहासुद्धा गोड लागायचा नाही. एकदा रांगती नात त्यांचं मिसरीचं बोट तोंडात घालायला गेली. त्याच दिवशी त्यांनी डबी चुलीत टाकली.

नोकरी संपल्यावर त्या लातूरला मुलाकडे, हनुमंतकडे राहायला आल्या. हनुमंत ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला. सिगारेट सोडून त्यानं इलेक्ट्रॉनिक सिगारेट धरली होती. विक्रीला बंदी, म्हणून कुणाकडून तरी गुपचूप मागवायचा.

"माय, यात धूर न्हाई. नुसती वाफ हाय. आंब्याचा वास येतो बघ."

कोंडाबाई भाजी निवडत राहिल्या.

एका रविवारी त्या हनुमंतची पँट धूत होत्या. खिशात त्या सिगारेटीत भरायच्या द्रवाची बाटली सांडलेली होती. शरबत सांडलं असेल, असं समजून त्यांनी तो चिकट डाग बराच वेळ हातानं चोळला. कामानं हातांना चिरा पडलेल्या. थोड्या वेळानं तोंडाला पाणी सुटलं, घाम फुटला, छाती धडधडायला लागली आणि मोरीतच त्यांना उलटी झाली.

हनुमंत धावत आला. भिंतीला टेकून बसलेल्या कोंडाबाई म्हणाल्या, "हनुमंता, ह्यात तंबाखू हाय. पहिल्यांदा मिसरी घासली तवा अशीच भोवंड आली होती."

"पण माय, तू कुठं तोंडात घातलंस?"

"न्हाई रे. हातानंच खाल्लं म्हण."

दवाखान्यात उज्वला नावाच्या नर्सनं त्यांचे हात साबणानं पुन्हा पुन्हा धुतले, अंगावरचं भिजलेलं लुगडं बदललं. मग ती हनुमंतकडे वळली. "दादा, निकोटीन कातडीतूनसुद्धा आत जातं. चिरा असल्या तर जास्तच. मिसरीचं हिरडीतून हळूहळू रक्तात उतरतं. तुमची वाफ मात्र थेट फुफ्फुसात जाते, तिथून रक्तात, आणि काही सेकंदांत मेंदूत. आजींना संध्याकाळपर्यंत बरं वाटेल. तुम्ही दिवसातून किती वेळा ओढता?"

हनुमंतनं कधी मोजलंच नव्हतं. ते उपकरण सतत हातातच असायचं.

परत येताना रिक्षात त्याला रडू आलं. कोंडाबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "डबी जाळली तरी सहा महिने जीव तिच्याकडंच ओढत होता माझा. तुझी बी चिडचिड होईल. माझ्यावर चिडत जा, लेकरांवर नको."

त्यानं सोडली. नवव्या दिवशी पुन्हा ओढली आणि स्वतःच येऊन आईला सांगितलं. "मग आजपासनं पुन्हा सोड," त्या म्हणाल्या. असं तीनदा झालं.

आता सात महिने झालेत. अजूनही कधी तलफ येते. मग हनुमंत "माय" म्हणून हाक मारतो. कोंडाबाई पायात चप्पल सरकवतात आणि दोघं गप्पा मारत कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत जाऊन येतात.