कन्सोलवर न दिसलेला संगणक

दिलसुखनगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर पाच, ते बनवणाऱ्या कंपन्या तीन. प्रत्येक सर्व्हरच्या पोटात सात-आठ आभासी संगणक चालतात, आणि प्रत्येक कंपनीची देखरेखीची स्क्रीन निराळी. या कटकटीला कंटाळून मी संचालकांकडे हट्ट धरला आणि सगळ्यांसाठी एकच कन्सोल, म्हणजे एकच सामाईक स्क्रीन, घ्यायला लावला. जुन्या स्क्रीन यापुढे वापरायच्या नाहीत, असं मीच ठरवलं. माझे एक ज्येष्ठ सहकारी, याच शहरातल्या गौलीगुड्यातल्या जुन्या मराठी घरातले, मान हलवून नुसतं "हौ" म्हणाले.

त्या रविवारी नऊ वाजता सराव परीक्षा होती. वरच्या बॅचमध्ये कोण बसणार, ते तिच्यावर ठरायचं होतं. पावणेनऊला कन्सोलवर, ज्यावर परीक्षा चालणार तो आभासी संगणक लाल दिसला: उपलब्ध नाही. मी आदल्या दिवशीच्या बॅकअपमधून तो दुसऱ्या सर्व्हरवर उभा केला. हिरवा झाला. नऊला परीक्षा सुरू झाली आणि दहा मिनिटांत मुलं वर्गाबाहेर येऊ लागली. नोंदवलेली उत्तरं दिसेनाशी होत होती.

मी त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारलं, संगणकाला कुणी हात लावला होता का.

"साडेआठलाच दुसऱ्या सर्व्हरवर हलवला की मी. त्या सर्व्हरवर मेमरी कमी पडत होती."

कुठून हलवला, तेही विचारलं.

"जुन्या स्क्रीनवरून. हात तिकडंच जातो, बाबा. तुझ्या कन्सोलला अजून खबर नाही का?"

नव्हती. संगणक जुन्या जागी नाही एवढं कन्सोलला लगेच कळायचं, पण तो कुठे गेला ही माहिती तो तासातून एकदाच गोळा करायचा. म्हणजे नेटवर्कवरच्या एकाच पत्त्यावर दोन संगणक चालू होते, आणि मुलांची उत्तरं कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे जात होती. एक बंद करणं भाग होतं. जास्त उत्तरं त्यांनी हलवलेल्या संगणकात होती. मी माझा बंद केला, तोही जुन्या स्क्रीनवरून, कारण कन्सोल अजून माहितीच गोळा करत होता.

चौदा जणांची उत्तरं गेली. त्यांना दुपारी दोनला नव्या प्रश्नपत्रिकेवर पुन्हा बसवायचं ठरलं. ते सांगायला संचालकांनी मला पाठवलं. ऐकून त्यांतली बरीचशी मुलं डबे उघडून बसली. दारापाशी उभी असलेली एक मुलगी तेलुगूत म्हणाली, "सर, सकाळचा पेपर मला सोपा गेला होता."

दुपारचाही तसाच असेल, असं मी तिला सांगितलं नाही. मला ते माहीत नव्हतं.